रोबो घेण्याआधी पुलात काय पडतं ते बघा

स्विमिंग पूल धुणाऱ्या रोबोच्या माहितीपत्रकात एक ठरलेलं चित्र असतं. निळंशार पाणी, कडेला पांढरी फरशी, लांब कुठेतरी एक नारळाचं झाड आणि तळाशी फिरणारं देखणं यंत्र. कचरा म्हणून चार सुकी पानं, तीही कुणीतरी मुद्दाम ठेवल्यासारखी. आपल्या भंडारा जिल्ह्यात घरचा पूल म्हणजे बहुतेक वेळा शेतातल्या फार्महाऊसचा पूल. त्याच्या एका अंगाला धानाची बांधी, दुसऱ्या अंगाला सागवान नाहीतर मोह, आणि वारा फिरला की कुठल्यातरी राइस मिलची राखड. माहितीपत्रक वाचून यंत्र निवडलं तर ते नारळवाल्यासाठी उत्तम असेल. आपल्याला निवड कचऱ्यापासून सुरू करायला हवी.

त्यासाठी एक सोपा प्रयोग आहे आणि विक्रेत्याला फोन करण्याआधी तो करावा. रात्री पंप बंद ठेवा. सकाळी पाणी न ढवळता अर्धा इंची पीव्हीसी पाइपचा पुरुषभर उंचीचा तुकडा घ्या, वरचं तोंड अंगठ्याने घट्ट दाबा आणि खालचं टोक हळूच तळाला टेकवा. अंगठा सोडला की तळाचं पाणी गाळासकट पाइपात चढतं. पुन्हा अंगठा दाबून पाइप उचला आणि पांढऱ्या बादलीत सोडा. पुलाच्या चारी कोपऱ्यांत आणि मधोमध असं केलं की बादलीत आपल्या पुलाचा खरा जमाखर्च उतरतो. बादली तासभर हलवू नका. जे वर तरंगतं ते तूस, कोंडा, पानांचे तुकडे. जे लगेच खाली बसतं ती रेती आणि माती. आणि तासानंतरही पाणी ज्यामुळे गढूळ राहतं ती राख, चिकणमाती किंवा मेलेलं शेवाळ. या तिसऱ्या प्रकारासाठी पैसे मोजावे लागतात. पहिले दोन कुठलाही बरा रोबो उचलतो.

हा प्रयोग एकदा करून भागत नाही, कारण आपल्याकडे कचऱ्याचंही पंचांग आहे. नोव्हेंबर-डिसेंबरात धान चुरणं सुरू झालं की हवेत कोंडा आणि धूळ. फेब्रुवारीपासून पानगळ. सागाचं एकच पान पुलाचं स्किमर बंद करू शकतं, आणि मार्चमध्ये कडुलिंबाचा बारीक पांढरा मोहर पडतो तो याच्या नेमका उलट, स्किमरच्या जाळीतून सरळ आत निघून जातो. मोहफुलांची गोष्ट वेगळीच. ती पहाटे टपटप पडतात, गोड असतात, पाण्यात लगेच मऊ होतात आणि क्लोरीन खातात. पुलाजवळ मोह असेल तर त्या दोन-तीन आठवड्यांत रोबोच्या आधी जाळी फिरवायलाच हवी. मे महिन्यात वादळाची धूळ. जूनच्या पहिल्या सरीनंतर दिव्याभोवती जमणारी वाळवीची पाखरं सकाळी पंखांसकट पाण्यावर. आणि मग पावसाळा, चिखल, शेवाळ, बेडूक. वर्षभर एकच फिल्टर लावून चालेल असं सांगणाऱ्याने इथला नोव्हेंबर पाहिलेला नाही.

आता यंत्राकडे वळू. रोबो म्हणजे मुळात पाण्याखाली चालणारा एक पंप आणि त्याला लावलेली चाळणी. एक मोटर पाणी खेचते, दुसरी पट्टे किंवा चाकं फिरवते, खालचा ब्रश तळ घासतो. ओढलेलं पाणी चाळणीतून गाळून वर सोडलं जातं आणि त्याच जोरावर यंत्र तळाला आणि भिंतीला चिकटून राहतं. म्हणजे चाळणी तुंबली की सफाई थांबते, शिवाय भिंत चढणंही सुटतं. ‘भिंत चढत नाही हो’ या तक्रारीचं कारण पुष्कळदा भरलेली चाळणी एवढंच असतं. पुलाच्या मुख्य फिल्टरशी या यंत्राचा संबंध नसतो. ते आपला कचरा आपल्याच पोटात ठेवतं. आपल्यासाठी यात एक मोठा फायदा आहे: वाळूच्या फिल्टरला बॅकवॉश कमी वेळा द्यावा लागतो. उन्हाळ्यात बोअर दम टाकू लागली की प्रत्येक बॅकवॉशमध्ये वाहून जाणारं पाणी डोळ्यांत खुपतं, तेव्हा हे पटतं.

चाळण्या ढोबळमानाने दोन जातींच्या. जाड जाळीची दीडशे-दोनशे मायक्रॉनची, ती पानं आणि तूस झेलते आणि लवकर तुंबत नाही. बारीक चाळणी पन्नास-साठ मायक्रॉनच्या आसपासची किंवा त्याहून बारीक, ती धूळ आणि राख पकडते, पण पानगळीत अर्ध्या तासात भरून बसते. आपल्याला दोन्ही लागतात. त्यामुळे कोटेशन मागताना पहिला प्रश्न हाच: दोन्ही चाळण्या सोबत मिळतात का, की बारीक वेगळी घ्यावी लागेल, आणि वेगळी असली तर केवढ्याला? दुसरा प्रश्न चाळणी निघते कुठून. वरून उघडणारी टोपली सगळ्यांत सोयीची. यंत्र उलटं करून खालचं झाकण काढायचं आणि पिशवी सोडवायची, असली रचना रोजच्या कामाला कंटाळा आणते. जे काम कंटाळवाणं असतं ते गडी करत नाही आणि मालकही करत नाही. टोपलीचा आकार प्रत्यक्ष हात घालून बघा. सागाची सहा-सात पानं चुरगाळून आत कोंबली आणि टोपली भरली, तर ते यंत्र आपल्या कामाचं नाही.

राखेबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण इथे माणूस हमखास फसतो. धानाचं तूस जाळलं की त्याच्या वजनाच्या साधारण पाचव्या हिश्शाइतकी राख उरते, आणि तिच्यात बहुतांश सिलिका असते. हलकी, बारीक, आणि घासणारी. मिलजवळच्या पुलात ती पाण्यावर करडी साय धरते, मग भिजून तळाशी बसते आणि कुणी उडी मारली की पुन्हा सगळीकडे पसरते. जाड चाळणीचा रोबो अशा तळावरून फिरला तर तो राख एका जागेवरून उचलून दुसरीकडे पसरवतो. यंत्र चाललं, पाणी मात्र आधीपेक्षा गढूळ. मिलच्या वाऱ्याखाली पूल असेल तर बारीक चाळणी ही चैन नाही. आणि ती प्रत्येक फेरीनंतर पाइपच्या पाण्याने आतून बाहेर धुवावी लागेल हेही गृहीत धरा.

मात्र गढूळ पाण्यावर तुरटी फिरवून लगेच रोबो सोडू नका. तुरटीने पाणी निवळतं हे आपण पिढ्यान्‌पिढ्या रांजणात पाहत आलो, आणि पुलातही ते खरं आहे. फरक एवढाच की निवळून खाली बसलेला तो पिंजलेल्या कापसासारखा थर चाळणीला गोंदासारखा चिकटतो आणि बारीक चाळणी एका फेरीत कामातून जाते. हा थर साध्या व्हॅक्यूमने, व्हॉल्व्ह ‘वेस्ट’वर ठेवून, थेट बाहेर काढायचा. रोबोची पाळी त्यानंतर.

तुमसर भागातल्या वाचकांसाठी आणखी एक गोष्ट. डोंगरी बुजुर्ग आणि चिखला इथे मँगनीजच्या खाणी आहेत, सगळा पट्टाच त्या खडकाचा. जमिनीतल्या पाण्यात मँगनीज किंवा लोह विरघळलेलं असलं तर बोअरमधून ते अगदी स्वच्छ येतं. पुलात भरून क्लोरीन घातलं की दिवसा-दोन दिवसांत पाणी तांबूस नाहीतर काळपट होतं आणि टाइल्सच्या सांध्यांत तपकिरी डाग धरतात. मालकाला वाटतं सफाई कमी पडते, आणि तो महागातला रोबो शोधू लागतो. हा दोष पाण्याचा आहे. पिण्याच्या पाण्यात भारतीय मानकाप्रमाणे मँगनीजची स्वीकारार्ह मर्यादा लिटरला ०.१ मिलिग्रॅम आहे. पुलाला ती लागू नसली तरी तुलनेला उपयोगी पडते. आधी बोअरचं पाणी प्रयोगशाळेतून तपासून घ्या. धातू जास्त निघाले तर पाणी भरण्यापूर्वीच त्यावर उपाय करावा लागतो, टाइल्सवर बसलेला डाग कुठलाही ब्रश घासून काढत नाही. हेच शेवाळाचं. हिरवा पूल रोबो साफ करत नाही. सामू ७.२ ते ७.६च्या दरम्यान, क्लोरीन १ ते ३ पीपीएम, आणि पंप रोज पुरेसे तास चालू, एवढं सांभाळलेल्या पुलात रोबो शोभतो. शेवाळ मारायला क्लोरीनचा मोठा डोस द्याल तेव्हा यंत्र बाहेर ठेवा, डोस उतरला की मग सोडा. नाहीतर रबराचे पट्टे आणि सील लवकर कडक होतात.

वायरचा घ्यावा की बॅटरीचा, हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न. माझं मत सरळ आहे: आपल्या हवेत वायरचा. त्यामागची कारणं समजून घ्या, म्हणजे तुमच्यापुरता वेगळा निर्णय घ्यायचा तर घेता येईल. बॅटरीवाली यंत्रं दिसायला सुटसुटीत, वायरची गुंतागुंत नाही, आणि लाइन गेली तरी काम सुरू राहतं. पण एका चार्जवर ती साधारण तास-दीड तास चालतात. नवी असताना लहान पुलाला तेवढं पुरतं, दोन-तीन वर्षांनी बॅटरी बसू लागली की अर्धा तळ राहून जातो. बॅटरी बदलून मिळेल का आणि केवढ्याला, याचं उत्तर बरेच विक्रेते गुळमुळीत देतात. दुसरं कारण ऊन. लिथियम बॅटरी साधारण चाळीस-पंचेचाळीस अंशांपर्यंतच्या हवेत चार्ज करायची असते. मे महिन्यात भंडाऱ्यात सावलीतला पारा पंचेचाळीसच्या घरात जातो, पत्र्याच्या पंपघरात तर विचारूच नका. दुपारी अडीच वाजता पत्र्याखाली चार्जिंगला लावलेला रोबो म्हणजे बॅटरीचं आयुष्य आपल्या हाताने भाजणं. अमेरिकेत २०२३मध्ये एक बॅटरीवालं मॉडेल चार्जिंगदरम्यान भाजण्याच्या आणि आगीच्या धोक्यामुळे ग्राहकांकडून परत मागवलं गेलं होतं. बॅटरीचाच घ्यायचा ठरलं तर चार्जिंग घरात, थंड खोलीत, डोळ्यांसमोर आणि शक्यतो सकाळी.

वायरच्या यंत्रात भिंतीवरच्या सॉकेटचा २३० व्होल्टचा प्रवाह पाण्यात जात नाही. बाहेर ठेवलेला पॉवर सप्लायचा डबा त्याचं साधारण २४ ते ३० व्होल्टचं डीसी करतो आणि तेवढंच पाण्यात उतरतं. तरीही काही नियम दगडावरची रेघ समजा. पॉवर सप्लाय पुलाच्या काठापासून किमान साडेतीन मीटर दूर, सावलीत, जमिनीपासून उंच. त्या लाइनवर ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, जिला आपले वायरमन अजूनही ईएलसीबीच म्हणतात. अर्थिंग तपासलेलं. आणि यंत्र पाण्यात असताना कुणीही पाण्यात उतरायचं नाही, लहान मुलांना तर काठावरही येऊ द्यायचं नाही. पॉवर सप्लायच्या मागे व्होल्टेजची मर्यादा छापलेली असते, ती वाचा. शेतातल्या लाइनला संध्याकाळी व्होल्टेज किती पडतं हे मीटर लावून बघा. ते छापलेल्या मर्यादेखाली जात असेल तर रोबोची वेळ सकाळची ठेवा, स्टॅबिलायझरचा विचार नंतर. परदेशातून कुणी नातेवाइकाने आणलेलं किंवा ऑनलाइन मागवलेलं ११० व्होल्टचं यंत्र स्वस्तात मिळतंय म्हणून घेऊ नका.

विजेच्या बिलाची काळजी मात्र करू नका. दीडशे वॅटचं यंत्र अडीच तास चाललं तर अर्धं युनिटही जळत नाही. तोच तळ मुख्य पंपाला व्हॅक्यूम लावून काढायचा तर दीड अश्वशक्तीचा पंप तेवढ्याच वेळात पावणेतीन युनिटं खातो. बचत आहे, पण एवढीशी बचत दाखवून कुणी तुम्हाला लाखाच्या आसपासचं यंत्र विकत असेल तर तो गणितात कच्चा आहे किंवा तुम्हाला कच्चं समजतो.

पुलाचा पृष्ठभाग कसा आहे त्यावर ब्रश ठरतो. खडबडीत प्लास्टर किंवा रंग दिलेल्या आरसीसीला दातेरी पीव्हीसी ब्रश चालतो. गुळगुळीत मोझॅक टाइल्सवर आणि तयार एफआरपी पुलात तो घसरतो, तिथे स्पंजासारखा मऊ पीव्हीए ब्रश लागतो. यंत्र भिंत अर्धी चढून परत सरकत असेल तर चाळणीनंतरचा दुसरा संशयित हा ब्रश. फुगवून किंवा पाइपच्या चौकटीवर उभारलेल्या छोट्या पुलांना हे प्रकरण नकोच, त्यांचं कापड जड यंत्रासाठी बनलेलं नसतं. आणि हे मुद्दाम लिहितो कारण शंका येतेच: शेततळ्याच्या प्लास्टिकवर रोबो सोडू नका. शेततळ्याच्या उतरत्या बाजू, तळाचा गाळाचा थर आणि ताडपत्रीसारख्या अस्तराच्या घड्या, यातलं काहीच या यंत्राला झेपत नाही. शेततळ्यात मुलांना पोहायला सोडणं हाही वेगळाच धोका आहे. ओल्या प्लास्टिकच्या उतारावरून मोठ्या माणसालाही वर येता येत नाही.

केबलची लांबी घरीच काढा. दहा बाय पाच मीटरचा पूल असेल तर कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंतचं अंतर सव्वाअकरा मीटरच्या आसपास येतं. त्यात खोली दीड मीटर आणि काठापासून पॉवर सप्लायपर्यंतचे साडेतीन मीटर मिळवा. सव्वासोळा झाले. म्हणजे पंधरा मीटरची केबल तोकडी, अठराची लागेल. उलट सहा बाय तीनच्या पुलात अठरा मीटर केबल टाकली तर ती स्वतःलाच वेटोळे घालत बसते. केबलच्या तोंडाशी फिरणारा सांधा, म्हणजे स्विव्हल, असेल तर पीळ कमी पडतो. त्यासाठी थोडे जास्त पैसे गेले तरी जाऊ द्या. अॅप, वाय-फाय, मोबाइलवर नकाशा वगैरेंसाठी मात्र मी एक रुपया जास्त देणार नाही. शिवारात घराच्या ओट्यावर रेंज मिळत नाही, तिथे पुलाच्या काठावर वाय-फाय कुठून आणणार? यंत्रावरचं एक बटण आणि दोन-अडीच तासांनी आपोआप थांबण्याची सोय पुरे.

विकत घेण्याआधी एकदा यंत्र स्वतः उचलून बघा. कोरडं असताना नऊ-दहा किलो, आणि पोटात पाणी असताना त्याहून बरंच जड. काढण्याची पद्धत अशी: वायरने हळूहळू काठाशी आणायचं, पण वायरने वर ओढायचं नाही. हात पोचला की मुठीला धरून अर्धं बाहेर काढायचं, थांबायचं, तळातून धो-धो पाणी निथळू द्यायचं, धार बारीक झाली की उचलून ट्रॉलीवर. या थांबण्यात कंबर वाचते. घरातलं हे काम सासरे, चौकीदाराची बायको किंवा आठवड्याला येणारा मुलगा करणार असेल, तर त्याच माणसाला दुकानात किंवा प्रात्यक्षिकाला सोबत न्या. निवड त्याच्या हाताने होऊ द्या.

प्रात्यक्षिक दुकानातल्या काचेच्या टाकीत नको, आपल्या पुलात मागा. एवढं महाग यंत्र विकायला नागपूरहून साठ-पासष्ट किलोमीटर यायला विक्रेता तयार नसेल, तर दुरुस्तीला तो किती वेळा येईल याचा अंदाज तिथेच येतो. प्रात्यक्षिकाच्या दिवशी धुतलेली बारीक रेती मूठभर, चुरलेली पानं ओंजळभर आणि चुलीतली चाळलेली राख अर्धा पेला, हे पुलाच्या लांबच्या कोपऱ्यात, पायऱ्यांच्या मुळाशी आणि भिंत व तळ मिळतात त्या वळणावर टाका. बसू द्या. मग यंत्राला पूर्ण फेरी करू द्या, मधेच विक्रेता ‘बघा, झालं की’ म्हणाला तरी. शेवटी टोपलीत काय सापडलं त्यापेक्षा त्या तीन जागी काय उरलं ते बघायचं. पायऱ्या बहुतेक यंत्रं नीट घेत नाहीत, ते गृहीतच धरा. पण वळण सोडून देणारं यंत्र नको.

फार्महाऊस लग्नाच्या हळदीसाठी भाड्याने देणाऱ्यांची अडचण आणखी वेगळी. पुलाच्या काठावर हळद लावायची आणि मग सगळ्यांनी पाण्यात उड्या मारायच्या, ही पद्धत आता आपल्याकडेही आली. दुसऱ्या दिवशी तळाशी झेंडूच्या पाकळ्यांचा लगदा आणि पाण्याच्या रेषेला तेल-हळदीचा पिवळा पट्टा. हळदीचा रंग ऊन आणि क्लोरीन मिळून हळूहळू उडवतात, तेलाची रेघ मात्र घासूनच जाते. असा धंदा असेल तर पाण्याच्या रेषेपर्यंत चढून घासणारं मॉडेल घ्यावं, नुसत्या तळावर फिरणारं नव्हे. पाकळ्या मात्र आधी जाळीने काढा. भिजलेला झेंडू टोपलीला लेपासारखा बसतो.

या धंदेवाल्यांनी वॉरंटीचं कलम दोनदा वाचावं. घरगुती वापरासाठीचं यंत्र रिसॉर्टमध्ये किंवा भाड्याच्या फार्महाऊसवर लावलं तर बऱ्याच कंपन्या वॉरंटी कमी करतात किंवा नाकारतात. कायद्याच्या बाजूनेही फरक पडतो. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात व्यावसायिक कारणासाठी घेतलेल्या वस्तूचा खरेदीदार ‘ग्राहक’ ठरत नाही. स्वतःच्या उपजीविकेसाठी स्वयंरोजगार म्हणून घेतली असेल तरच अपवाद. घरच्या वापरासाठी घेतलं असेल तर याच कायद्याने एक चांगली सोय केली आहे: विक्रेता मुंबईचा असो की दिल्लीचा, तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात, म्हणजे भंडाऱ्यातच, करता येते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. पण हे सगळं जीएसटीचं पक्कं बिल असेल तर. यंत्राचा अनुक्रमांक बिलावर लिहून घ्या.

विक्रीनंतरच्या सेवेबद्दल विचारताना ‘सर्व्हिस आहे ना?’ असं विचारू नका, त्याचं उत्तर नेहमी ‘आहे’च असतं. असं विचारा: बिघडलं तर यंत्र कोणत्या शहरात जाईल? नेण्या-आणण्याचा खर्च कुणाचा? पट्टे, ब्रश आणि चाळणी नागपुरात साठ्याला असतात का, आज विकत द्याल का? वॉरंटीत केबल येते का? या धंद्यातली जुनी नावं मोजकीच आहेत. डॉल्फिन हे नाव मेट्रॉनिक्सचं, ती कंपनी १९८३ साली इस्राएलमधल्या यिझ्रेएल किबुत्झमध्ये सुरू झाली. झोडिअॅक हे नाव आज स्पेनच्या फ्लुइड्राकडे आहे. त्यापाठोपाठ चिनी कंपन्यांची बॅटरीवाली नवी यंत्रं आली. कुणाचंही घ्या, पण सुटे भाग मिळण्याची खात्री नावापेक्षा महत्त्वाची. मोसमात ऐन एप्रिलमध्ये यंत्र कुरिअरने गेलं आणि जूनमध्ये परत आलं, तर त्या वर्षापुरतं ते घेतलंच नव्हतं असं समजा.

तेव्हा कुणी घ्यावा? आठ बाय चार मीटरचा, सरासरी सव्वा मीटर खोलीचा पूल धरला तर त्यात चाळीस हजार लिटर पाणी बसतं. असा पूल मार्च ते जून नियमित वापरात असेल, भोवती झाडं असतील आणि रोज तासभर घासणारा माणूस नसेल, तर वायरचा, वरून उघडणारा, मोठ्या टोपलीचा, जाड-बारीक दोन्ही चाळण्यांचा, भिंत चढणारा रोबो घ्यावा, बिनधास्त. पूल याहून लहान असेल, वर्षातून सुट्टीचे चार शनिवार-रविवार वापरला जात असेल, किंवा चौकीदार तिथेच राहत असेल, तर लांब दांडा, ब्रश, पानांची जाळी आणि व्हॅक्यूमचं डोकं पाइपसकट हे काही हजारांत येतं आणि काम होतं. उरलेल्या पैशांतून पुलावर घालायचं चांगलं झाकण करून घ्या. पानगळीत झाकण जे वाचवतं ते कुठलाच रोबो नंतर काढत नाही.

घेतलाच, तर पावसाळ्यात तो ठेवायचा कुठे हेही आधी ठरवा. काम झालं की दर वेळी बाहेर काढायचा, पाण्यातच राहू द्यायचा नाही. साध्या पाण्याने धुवायचा, चाळणी सावलीत वाळवायची, केबल पीळ काढून सरळ करून मग सैल वेटोळी. क्लोरीन आणि अॅसिडचे कॅन असलेल्या पंपघरात ठेवू नका, त्यांच्या वाफेने पॉवर सप्लायचे टर्मिनल हिरवे पडतात. आणि धानाच्या पोत्यांच्या गोदामात तर मुळीच नको. उंदरांना तूस सोडून केबल कुरतडायला काय आवडतं कोण जाणे, पण कुरतडतात, आणि केबल बहुतेक वेळा वॉरंटीत येत नाही. भिंतीला दोन खुंट्या मारा, केबल जमिनीपासून वर टांगा, आणि पोळ्याच्या आसपास एकदा काढून चालवून बघा. बिघाड असला तर तेव्हाच कळू द्या, दुरुस्तीला पुढे अख्खा हिवाळा मिळतो.